काकूच्या नावाची लाइन

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१३ जानेवारी २००२

कारभारीदादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि मायच्या हाताचा एक्स-रे मिळाला. इथल्या ओळखीच्या डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून पाहिला आणि हाड जुळतंय म्हणाले. पण पुन्हा पडली तर? बहात्तराव्या वर्षी ती एकटी राहते. तुझं घर गावात, तिचं मळ्याच्या कडेला. दोन वर्षांपूर्वी तिला इकडे आणलं तेव्हा चार महिने खिडकीत बसून मोटारी पाहत होती, आणि शेवटी म्हणाली, मला माझ्या गावी पोचव, इथं माणूस दिसत नाही. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून आम्ही ठरवलं आहे, की दिवाळीच्या आत वडीगोद्रीला यायचं आणि दोन वर्षं राहायचं. उषा तयार आहे. पोरगी नऊ वर्षांची, तिला गच्चीवर झोपायला मिळणार एवढंच समजलंय. कंपनीतल्या साहेबाशी बोललो. माझं काम कॉम्प्युटरवरचं, त्यामुळे ते म्हणाले, कुठूनही कर. फक्त रोज इंटरनेट लागलं पाहिजे आणि लागलेलं तुटता कामा नये. तुटत राहिलं तर परवानगी रद्द.

घरात साधा टेलिफोनसुद्धा नाही हे मला ठाऊक आहे. दर मंगळवारी सकाळी सहाला माय हायवेवर अजमतच्या बूथपर्यंत चालत येते आणि मी ऑफिसातून बोलतो. आधी घरात लाइन घ्यायची, मग तिच्यावर इंटरनेट. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तू शाळामास्तर, चार ऑफिसांत तुझा शब्द चालतो.

मायला एवढ्यात सांगू नकोस. नक्की झालं की मीच सांगेन.

तुझा,
बद्री


वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना
५ फेब्रुवारी २००२

चि. बद्रीस कारभारीचे आशीर्वाद आणि एक कबुली.

तुझं पत्र पोस्टमनने मला काकूच्या ओट्यावर दिलं. तिथंच वाचलं. तू म्हणालास सांगू नकोस, मी सांगितलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "बद्री येतो का?" आणि मी गप्प बसलो, एवढाच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर उगवतीच्या खोलीतली ज्वारीची पोती बाहेर आलेली, आणि काकू एका हाताने भिंतीला चुना लावतेय. दुसरा हात अजून गळ्यात. तेव्हा आता तुला न येण्याची सोय राहिली नाही.

टेलिफोन ऑफिसात गेलो. नाव नोंदवायची यादी एवढी लांब, की तुझ्या पोरीच्या लग्नात फोन वाजला असता. पण तिथल्या बाबूने विचारलं, घरात कुणी स्वातंत्र्यसैनिक आहे का? मी म्हणालो, आमच्या काकांचा ताम्रपट भिंतीवर आहे. मग त्याने वेगळं रजिस्टर काढलं. सैनिकाच्या विधवेला लाइन लवकर मिळते. गंमत बघ, रझाकारांच्या वेळी काकांनी निजामाच्या तारा तोडल्या, आणि त्याच पुण्याईवर आता आपल्या घरात तार येणार. मात्र लाइन काकूच्या नावावर होणार आणि सहीला तिला स्वतः जालन्याला यावं लागणार.

जालन्यात होतोच, म्हणून इंटरनेट म्हणजे काय ते पैसे देऊन पाहून आलो. अर्धा तास बसलो. एक चित्र वरून खाली उतरत होतं, ते अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. घरी बायकोने विचारलं, कसं असतं इंटरनेट? म्हणालो, अर्धं असतं.

एक ऐकून ठेव. तुला आता आपल्याच गावात यायला व्हिसा लागतो आणि राहायला इंटरनेट लागतं. दोन्हींपैकी जे माझ्या हातात आहे ते मी करतो. हात आखडता घेणार नाही, पण तूही शब्द फिरवू नकोस, कारण इथं भिंतीला चुना लागला आहे.

कारभारी


सॅन होजे
२६ फेब्रुवारी २००२

कारभारीदादा,

पत्र वाचून उषा आणि मी खूप हसलो. मायला कळलं ते एका अर्थी बरंच झालं. मंगळवारी बूथवर बोलताना तिने मला विचारलं, पोरीला भाकरी चालते की ब्रेड पाहिजे?

आता कामाचं. लाइनमध्ये खरखर नको. खरखर असली तर बोलता येतं, पण कॉम्प्युटर चालत नाही. लाइन आली की जालन्याहून एक कॉम्प्युटर आणि मोडेम घे. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनवर बोलायला लावणारी डबी. घरून इंटरनेट लावून पाहा आणि पडद्याच्या कोपऱ्यात जो वेग दिसेल तो आकडा मला कळव. एकदा नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ कळव. मी साहेबाला पंधरा ऑक्टोबर ही तारीख दिली आहे. ते लेखी मागतील, म्हणून आकडे हवेत.

तुला त्रास देतोय, माहीत आहे.

बद्री


वडीगोद्री
२१ एप्रिल २००२

चि. बद्री,

दोन महिने लिहिलं नाही, कारण दोन महिने मी मास्तर नव्हतो, खांब रोवणारा होतो.

आधी सहीचं ऐक. काकूला एसटीने जालन्याला नेलं. साहेबाने कागद पाहिले आणि म्हणाला, बाईंचा हयातीचा दाखला जोडा. म्हणजे बाई जिवंत आहेत असं सरकारी कागदावर पाहिजे. काकू म्हणाली, "मी समोर उभी हाय की." साहेब बिचारा भला माणूस. म्हणाला, "आजी, तुम्ही मला दिसता, पण फायलीला दिसत नाही." दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी मी तिला नेऊन हा दाखला काढतोच. तो घरी पत्र्याच्या पेटीत होता. परत आलो, कागद घेतला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. काकू दोन्ही दिवस आली. तिला म्हणालो, आज तुझं काम नाही, तर म्हणाली, ऐनवेळी पुन्हा म्हणतील कुठंय म्हातारी.

लाइन मंजूर झाली. पण हायवेपासून घरापर्यंत सात खांब. पाचवा खांब साहेबरावाच्या बांधावर येत होता आणि तो आडवा झाला. त्याचंही खोटं नव्हतं. तिथं त्याच्या औताचं वळण आहे, खांब रोवला तर बैल फिरवायचे कुठं? चार दिवस मी त्याच्या दारात बसलो. शेवटी काकू गेली. म्हणाली, खांब माझ्याकडून घ्या. तिच्याकडून घ्यायचा तर तार अंगणातल्या शेवग्यातून जाते. तुझा शेवगा. ज्याच्या शेंगांवरून तू आणि मी मार खाल्ला तो. लाइनमन भिवा म्हणाला, फांद्या छाटून भागणार नाही, वाऱ्याने तारेला लागतील आणि खरखर येईल. खरखर चालत नाही हे तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने शेवगा पाडला. मी होतो तिथं. तिने शेंगा गोळा करून गावात वाटल्या.

आठवड्याभरात फोन सुरू होईल. आता आणखी काय पाहिजे ते सांग, आम्ही तयार आहोत.

कारभारी


सॅन होजे
१९ मे २००२

कारभारीदादा,

पत्र मिळालं. शेवगा पाडायला नको होता. मला विचारायचं तरी.

लाइन सुरू झाली आणि मायशी घरच्या फोनवर बोलता येतं, हे चांगलं झालं. परंतु चौकशी केल्यावर कळलं की साध्या लाइनवर माझं काम होणार नाही. आयएसडीएन नावाची लाइन लागते. तिच्यावर वेग दुप्पट असतो आणि ती तुटत नाही. ती वडीगोद्रीला मिळेल का, याची लेखी चौकशी कर. मिळत नसेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे मला इथं सांगता येईल. ऑक्टोबरचं काही खरं नाही.

ऑफिसात सध्या गडबड आहे. तिथल्या नंबरवर फोन करू नका. मंगळवारी मीच करत जाईन.

बद्री


वडीगोद्री
१६ जून २००२

चि. बद्री,

तुझं पत्र म्हणजे सरकारी परिपत्रक. खाली जावक क्रमांक तेवढा राहिला. असो, साहेबाचा काच असेल म्हणून सोडून देतो.

कॉम्प्युटर आणला. मी आणि अजमतने मिळून जोडला. मोडेम पहिल्यांदा किंचाळला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली, याला काय झालं? वेगाचा आकडा सकाळी अठ्ठावीस, दुपारी चोवीस, संध्याकाळी लागलंच नाही. लागलं तेव्हा मी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर ई-मेल पाठवला. माझ्या आयुष्यातला पहिला. पाच मिनिटांत परत आला, की असा कोणी माणूस इथं नाही. अजमत म्हणाला, पत्ता चुकला असेल. तुझ्या कार्डावरून अक्षर न् अक्षर ताडून पुन्हा पाठवला, पुन्हा परत. म्हणजे या लाइनवर पत्र धड पोचतसुद्धा नाही, तुझं काम काय होणार? डोकं फिरतं.

दुसरी पीडा म्हणजे ती बाई. तू मंगळवारी बोलत असतोस आणि मध्येच कोणी इंग्रज बाई दोन वाक्यं बोलते आणि फोन तुटतो. आधी बूथवर तू अर्धा अर्धा तास बोलायचास, आता तीन-चार मिनिटांत बाई हजर. मी लेखी तक्रार दिली, तीन प्रतींत, की आमच्या लाइनवर दुसऱ्याची लाइन चढते आणि एक परदेशी महिला आमच्या संभाषणात व्यत्यय आणते. भिवा बिचारा सातही खांबांवर चढला. सहाव्यावर कावळ्याचं घरटं निघालं, त्यात तारेचे तुकडे. ते काढलं. मंगळवारी बाई पुन्हा आली.

आयएसडीएनची चौकशी केली. आमच्या एक्स्चेंजमधलं मशीन जुनं, त्यावर मिळत नाही. पण हायवेच्या कडेने खणून जाड केबल चालली आहे, ती शहागडपर्यंत आली. पावसाळ्यात मशीन बदलणार म्हणतात. मी अर्ज देऊन ठेवला, काकूच्याच नावाने. तेव्हा "मिळत नाही" असं कळवण्याची वेळ माझ्यावर येणार नाही. तू तारीख कायम ठेव.

कारभारी


सॅन होजे
१८ जुलै २००२

कारभारीदादा,

ऑफिसच्या पत्त्यावर ई-मेल पाठवू नकोस. पत्रच बरं. आणि त्या बाईच्या मागे लागू नकोस, उगीच भिवाला खांबावर चढवतोस.

आयएसडीएन मिळालं तरी एकाच लाइनवर कोणी भरवसा ठेवणार नाही. ती बंद पडली तर दुसरी हवी, आणि दुसरी वेगळ्या खांबांवरून आलेली हवी. शिवाय दिवसातले किती तास वीज जाते? नुसत्या बॅटरीवर भागणार नाही, जनरेटर लागेल. हे सगळं होण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. तुलाही वाटत नसेल तर मोकळेपणाने लिही, मी तुला दोष देणार नाही. दिवाळी तर आता शक्य नाही. पुढच्या उन्हाळ्यात बघू.

मायला तू तुझ्या पद्धतीने सांग. फोनवर मला सांगवत नाही.

बद्री


वडीगोद्री
८ सप्टेंबर २००२

बद्रीनाथ,

आशीर्वाद मागाहून. आधी हिशेब चुकता करू, शाळेत पाटीवर करायचो तसा.

तू लाइन म्हणालास, लाइन आली. खरखर नको म्हणालास, तर घरच्या बाईने अंगणातलं झाड पाडलं. आयएसडीएन म्हणालास, तर नवीन मशीन बसल्यावर या एक्स्चेंजवरची पहिली आयएसडीएन लाइन काकूच्या, श्रीमती तुळजाबाईच्या, नावाने निघाली. ती जोडून देताना मोठे साहेब स्वतः घरी आले आणि काकूला विचारलं, आजी, तुम्ही काय काम करता? दुसरी लाइन म्हणालास, तर अजमतने बूथची जादा लाइन दुसऱ्या बाजूच्या खांबांवरून ओढून दिली. म्हणाला, बद्रीभाई येऊन राह्यले तर आमचंबी काही लागतं. जनरेटर म्हणालास, तर साहेबरावाने मळ्यावरचा दिला. हो, तोच साहेबराव, खांबाला आडवा पडलेला. काल पोळ्याला त्याच्या बैलांना काकूने पुरणपोळी दिली आणि त्याने जनरेटर दिला.

मी आणि भिवाने चार दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, शाळेला रजा टाकून इंटरनेट लावून ठेवलं. एकदाही तुटलं नाही. वेगाचा आकडा चौसष्ट, चारही दिवस. कागद सोबत जोडला आहे, साहेबाला दाखव.

तक्रारीचंही उत्तर आलं. लिहितात, सदर एक्स्चेंजमध्ये अशी कोणतीही परदेशी महिला कर्मचारी कार्यरत नाही. मी पुन्हा अर्ज दिला.

आता तू सांग. मागे काय उरलं? मी एक मास्तर माणूस, मला तुमच्या कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण पोरगं गृहपाठ का करत नाही ते कळतं. पाटी नाही म्हटलं तर पाटी द्यावी, पेन्सिल नाही म्हटलं तर पेन्सिल द्यावी, आणि तरी बसत नसलं तर समजावं की त्याला करायचं नाही. तुला यायचं नाही. उषाला नसेल यायचं, पोरीच्या शाळेचं असेल, नाहीतर तुलाच खिडकीतून मोटारी पाहण्याची सवय झाली असेल. तसं असेल तर तसं लिही. काकूला मी समजावीन, ती ऐकेल. पण तारेच्या आड लपू नकोस. सात महिने झाले, काकूने खोलीला तीनदा चुना लावला.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. वाटलं, राग काढल्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, धाडून दे.

कारभारी


वडीगोद्री
२२ सप्टेंबर २००२

बद्री बाळा,

हे पत्र मैमूना लिहून राह्यली. अजमतची बायको. कारभारीला ठाव न्हाई. तो लई जीव लावतो, पण त्याच्या पोटातलं तोंडावर दिसतं, मंग साऱ्या गावाला दिसतं. म्हणून त्याला बाजूला ठेवलं.

बाळा, तुझी नोकरी गेली ना.

मला कोन्ही सांगितलं न्हाई. आधी तू मंगळवारी बोलायचा तव्हा तुझ्या मागं माणसाचा गलका असायचा. कोन्ही तुला हाक मारायचं, तू इंग्रजीत त्याला थांब म्हणायचा. चैत लागला तसा गलका सरला. आता तुझ्या मागं कुकरची शिट्टी वाजती. वक्त तोच, मंगळवार तोच. एक डाव तू म्हणला, माय ठेवतो, डाळ खाली लागली. मी म्हणलं, उषा कुठं गेली, तं म्हणला कामावर. मंग तू घरी कामून, हे माझ्या तोंडावर आल्तं, पण इचारलं न्हाई. त्या दिवशी मला भाकर गेली न्हाई.

अन् ती बाई. कारभारीनं तिच्यापायी किती अर्ज केले. गेल्या मंगळवारी मैमूना इथंच व्हती, मी तिच्या कानाला फोन लावला. ती म्हणली, चाची, ही बाई खांबावर न्हाई. माझा दीर जेद्दाहून बोलतो तव्हाबी अशीच बाई असती. दुकानातून कार्ड घ्यायचं, त्यातली मिनिटं सरत आली की बाई बोलती अन् फोन बंद. मी म्हणलं, कार्ड कोन्ही घ्यावं? ती म्हणली, ज्याला हापिसाचा फोन न्हाई त्यानं.

मंग मला सगळं बराबर उमगलं. तू एक मागायचा, कारभारी आणायचा. तू दुसरं मागायचा, तो तेबी आणायचा. तो चिडला म्हणून तू मनाला लावून घेऊ नको. त्याला वाटतं तुला यायचं न्हाई. मला ठाव हाय तुला यायचंय, अन् रिकाम्या हातानं यायची लाज वाटून राह्यली.

तुझा बाप सरहद्दीच्या कॅम्पात गेल्ता तव्हा मी अठरा सालाची. वरीसभरानं आला. अंगात धड सदरा नव्हता. लोकं मोठमोठं काय काय बोलले, सत्कार केला. मी त्याला येवढंच इचारलं, जेवला का. काय कमवून आणलं हे मी इचारलं न्हाई. तुलाबी इचारणार न्हाई. मी तुला बोलवलं ते तुझ्या इंटरनेटला न्हाई बोलवलं. ते तुम्ही दोघांनी मधी आणलं.

शेवग्याचं मनात ठेवू नको. तो बुडातून फुटला. तारेच्या खाली हाय तवर राहील, वर गेला तं छाटू.

आता एक काम सांगते. नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला असतो. दर साली कारभारी नेतो. सायब इचारतो, ही कोण? तो म्हणतो, माझी चुलती, जित्ती हाय. पुतण्यानं म्हणलं तं सरकार ऐकतं, त्याचं काही न्हाई. पण यंदा तू म्हणावं, असं मला वाटून राह्यलं.

तुझी माय

बद्रीभाई, चाचींनी सांगितलं तसंच लिहिलं, काही गाळलं नाही. मध्ये दोनदा थांबून डोळे पुसले, ते लिहू नको म्हणाल्या. मला राहवलं नाही. — मैमूना


सॅन होजे
१३ ऑक्टोबर २००२

कारभारीदादा,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र सप्टेंबरच्या शेवटी मिळालं. रोज उत्तर लिहायला घेत होतो आणि रोज फाडत होतो. आता सरळ लिहितो.

बारा एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, कंपनीने आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना घरी पाठवलं. दुपारी तीनला सांगितलं, साडेतीनला खोक्यात सामान भरून आम्ही रस्त्यावर होतो. तुझा ई-मेल परत आला तो बरोबरच परत आला. असा माणूस तिथं नव्हता. घर सध्या उषाच्या पगारावर चालतं. मी सकाळी अर्ज पाठवतो आणि दुपारी स्वयंपाक करतो.

तुला लगेच सांगणार होतो. तेवढ्यात तुझं शेवग्याचं पत्र आलं. ज्या नोकरीसाठी झाड पाडलं ती नोकरीच नाही, हे कोणत्या तोंडाने लिहू? म्हणून आयएसडीएन मागितलं. वाटलं, ते वडीगोद्रीला कसलं मिळतंय, आणि तू नाही म्हणेपर्यंत मला दुसरं काम लागेल. तू आणलंस. मग दुसरी लाइन मागितली, जनरेटर मागितला. दर वेळी वाटायचं, आता तरी हा माणूस थकेल. दादा, खरं सांगतो, तू थकत नाहीस याचा मला राग यायचा. पाटी-पेन्सिलीचं तू लिहिलंस ते बरोबर आहे, फक्त शेवटचं चुकलं. मला यायचं होतं.

तुझे चार दिवसांचे आकडे भिंतीवर लावले आहेत. दाखवायला साहेब नाही, म्हणून मीच पाहतो. असं इंटरनेट माझ्या इथल्या घरातही नाही.

नऊ नोव्हेंबरला औरंगाबादला पोचतो. सध्या एकटाच. उषाची नोकरी सुटू देता येत नाही, ती आणि पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत येतील. लाइन काढू नकोस. आता ती मला काम शोधायला लागेल, आणि कामाचं उद्या विचारशील तर मला ठाऊक नाही. दोन वर्षं राहीन की दोन महिने, तेही ठाऊक नाही. गावात कोणी विचारलं तर नोकरी गेली म्हणूनच सांग. लपवून झालं तेवढं पुरे.

टेलिफोन ऑफिसातली तक्रार मागे घे. ती बाई माझी होती, फोनच्या कार्डातली. तिच्यापायी भिवा सात खांब चढला. आल्यावर त्याची माफी मी मागेन.

आणि नोव्हेंबरच्या दाखल्यासाठी मायला घेऊन जाऊ नकोस. पत्र्याच्या पेटीतले कागद तेवढे काढून ठेव. मला हे कसं सुचलं ते विचारू नकोस. साहेब विचारेल, ही कोण, तर या वर्षी मी सांगतो.

तुझा,
बद्री